निंगप्पाचं न खाणारं चाक

होटगी जंक्शन सोडून गाडी पुढे निघाली की थोड्याच वेळात ज्वारीच्या रानात सात-आठ घरांची वस्ती लागते. गाडीत बसलेल्या माणसाला ती दिसते न दिसते तोच मागे पडते. त्यातलं रुळाच्या सगळ्यात जवळचं, दारात शेवगा असलेलं घर निंगप्पा हत्तुरेचं. रुळापासून उंबऱ्यापर्यंत पंचवीस पावलं. हे अंतर त्याने स्वतः मोजलेलं आहे, आणि ज्याने चौतीस वर्षं पावलांवर भाकरी खाल्ली त्याचं मोजणं चुकेल असं मला वाटत नाही.

निंगप्पा मूळचा आमच्या मंद्रूपचा, माझ्याच वयाचा. मी गावात राहिलो आणि गोष्टी सांगत राहिलो. तो रेल्वेत लागला आणि कीमन झाला. कीमन म्हणजे रुळाच्या चाव्या बघणारा. रूळ खालच्या आडव्या स्लीपरला धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या गाड्यांच्या हादऱ्याने सैल होतात. खांद्यावर हातोडा, कमरेला पाना, काखेत लाल-हिरवी झेंडी घेऊन रोज सहा किलोमीटर जायचं, सहा किलोमीटर परत यायचं, आणि सैल दिसेल ती चावी ठोकून बसवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच वाट, त्याच चाव्या. ठोकलेली चावी कायमची बसली असं कधी होत नाही. ऊन असो, थंडी असो, घरात कुणी आजारी असो, त्या सैल होतच राहतात. निवृत्तीच्या दिवशी गळ्यात हार पडल्यावरही निंगप्पाने जाता जाता एक सैल चावी ठोकली, असं लोक सांगतात. मी त्याला विचारलं तर म्हणाला, "हार काडून ठोकली. हातोड्यात अडकतो की."

त्या कामाची एक सवय मात्र त्याने घरी आणली. रुळावर काम करणाऱ्याने गाडी आली की बाजूला होऊन तिच्याकडे तोंड करून उभं राहायचं असतं. कुठल्या चाकातून धूर येतो का, काही लोंबकळतंय का, हे शेवटच्या डब्यापर्यंत बघायचं, मग पुढचं काम. निवृत्तीला चार वर्षं झाली तरी निंगप्पा तेच करतो. जेवत असो, बोलत असो, लांबून गाडीची घरघर आली की उठतो, दारात शेवग्याला धरून उभा राहतो आणि एकेक चाक बघतो. पाहुणा आला असेल तर त्यालाही हाक मारतो, "या, मालगाडी हाय, बगून घ्या." माझ्यासारखा माणूसही मग उगाच मालगाडी बघत उभा राहतो. आत सुंदरम्मा, त्याची बायको, भिंतीवरच्या फळीला हात लावून डबे सांभाळते. तिची पाठ सोप्याकडे असते. गाडी गेली की दोघं आपापल्या कामाला लागतात, आणि विचारलंत तर सांगतील की गाडी आली होती हे त्यांच्या लक्षातही नाही.

हे सगळं मी एवढं लांबण लावून सांगतोय, कारण पुढची गोष्ट त्या उठून उभं राहण्यापाशी येऊन थांबते.

निवृत्तीनंतर निंगप्पाचे गुडघे गेले. आधी डावा, मग उजवा. जुन्या रांजणात ओल मुरावी तसा थकवा त्याच्या अंगात मुरला होता, आणि बसून काढलेल्या दिवसांनी तो उतरत नव्हता. दीड वर्षापूर्वी मी गेलो तेव्हा तो सोप्यात बसून सायकलच्या एका चाकाला काहीतरी बांधत होता. मी विचारलं, हे काय?

"सगळं दमतं बग," तो म्हणाला. "बैल दमतो, मानूस दमतो. लोखंड बी दमतं, मी बगितलंय. एक तरी गोष्ट न दमनारी असावी का न्हाय? कुनी ढकलायचं न्हाय, काय खायला घालायचं न्हाय. आपलं आपुन फिरत ऱ्हायाचं."

चाक त्याच्या नोकरीतल्या सायकलचं. त्याच्या कडेला त्याने बारा पट्ट्या बिजागरीने जोडल्या होत्या आणि प्रत्येक पट्टीच्या टोकाला एक जड नट. खाली येणाऱ्या बाजूला पट्टी पसरते, वर जाणाऱ्या बाजूला मिटते. म्हणजे खाली येणारी बाजू नेहमी भारी, आणि भारी बाजू चाकाला ओढत राहणार. ऐकायला कुणालाही पटेल. पण चाक ढकललं की जेवढं पुढे जाई तेवढंच मागे येई आणि झुलून झुलून थांबे. मग त्याने आसाला सायकलचं फ्रीव्हील बसवलं. आता ते टिक टिक करत पुढे जाई, मागे मात्र येऊ शकत नसे. लिलावात घेतलेला एक जुना लाकडी स्लीपर त्याने सोप्याच्या कोपऱ्यात तीन हात खोल पुरला, त्यावर चाक चढवलं, कडेला खडूची खूण केली आणि झोपला. सकाळी खूण वीतभर खाली आली होती.

त्या दिवसापासून ते चाक थांबलं नाही.

फिरताना मात्र कुणाला दिसायचं नाही. तासभर टक लावून बसलं तरी जागच्या जागी. संध्याकाळी पाहावं तर खूण सरकलेली. "सावली सरकताना दिसती का?" निंगप्पा म्हणायचा, "पन सरकती की." सुरुवातीला एक फेरा व्हायला तीन दिवस लागत. यंदाच्या पावसाळ्यानंतर तोच फेरा एका दिवसात होऊ लागला. निंगप्पा सगळ्यांना सांगत सुटला, "आता अंगात मुरलंय त्याच्या. जुनं व्हतंय तसं जोमात येतंय. आपल्या उलटं हाय."

सुंदरम्मा म्हणायची, "घरात एकच गडी चालता-फिरता, त्यो बी खांबाला टांगलेला."

शेजारच्या गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणारे शहाजी गुरुजी मोटारसायकलवरून याच रस्त्याने जातात. कार्तिक संपता संपता एक दिवस ते थांबले, पाणी मागितलं, आणि चाक बघितलं. निंगप्पाने सगळं सांगितल्यावर ते हसले नाहीत, हे त्यांचं चांगलं. म्हणाले, "काका, हे होऊ शकत नाही. ऊर्जा निर्माण करता येत नाही आणि नष्टही करता येत नाही. तिचं फक्त रूप बदलतं. चाक फिरतंय म्हणजे त्याला कुठून तरी मिळतंय."

"कुटनं? बगा की. तार हाय का? दोरी हाय का?"

गुरुजींनी खांबाभोवती फिरून बघितलं. चाकाखाली वाकून बघितलं. "वारा असेल," ते म्हणाले.

"दार-खिडकी लावून बगितलंय म्या. आनि गुरुजी, एक सांगा. नष्ट व्हत न्हाय म्हंता. मग माज्या गुडघ्यातली कुटं गेली?"

"म्हणजे?"

"रोज बारा किलोमीटर. चौतीस वर्सं. करा हिशेब."

गुरुजींनी मनातल्या मनात केला आणि दचकले. "काका, पृथ्वीला तीन फेऱ्या होतात."

"झाल्या असतील. पोचलो कुटं? हितंच, पंचवीस पावलांवर. ती सगळी ताकद गेली कुटं?"

"उष्णता झाली. घामात, जमिनीत, हवेत पसरली. आहे ती, संपलेली नाही. पण पुन्हा गोळा होऊन हाताला लागत नाही."

"मग संपलीच की!"

गुरुजी पाणी प्यायले. तेवढ्यात गाडी आली आणि निंगप्पाने त्यांना बाहेर नेऊन तीही दाखवली. परत आल्यावर गुरुजी म्हणाले, "काका, या रविवारी सकाळी उजाडताना येतो. दार-खिडकी बंद करून दिवस मावळेपर्यंत चाकासमोर बसतो. कुणी हात लावायचा नाही. खूण सरकली, तर तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात हे चाक तुमच्या नावाने मी स्वतः मांडीन, आणि माझी चूक झाली असं मुलांसमोर सांगीन."

निंगप्पाचं नाव आजवर कुठे लागलं नव्हतं. चाव्यांवर कुणाचं नाव नसतं. गाडी नीट गेली, तर ती कुणामुळे नीट गेली हे कुणी विचारत नाही. त्या आठवड्यात निंगप्पाने वस्तीतल्या घराघरात रविवार सांगितला. मंद्रूपला थोरल्या भावाला, आप्पाला, फोन केला. मलाही केला. "ये, आनि जेवायलाच ये," म्हणाला. सुंदरम्माने कडक भाकऱ्या करायला घेतल्या, शेंगा भाजल्या. चाकाला तिने हळदीकुंकवाचं बोट लावलं, आणि मी विचारलं तेव्हा म्हणाली, "असू द्या. त्यांचं मन हाय त्यात."

गुरुवारी दुपारी निंगप्पाचा उजवा गुडघा सुजून टणक झाला. सुंदरम्माने एरंडाची पानं तव्यावर गरम केली, त्याला सोप्यात दारालगतच्या भिंतीला टेकवून बसवलं आणि पानं गुडघ्यावर ठेवून फडक्याने आवळून बांधू लागली. गाठ मारायची होती तेवढ्यात लांबून घरघर आली.

निंगप्पा उठायला लागला.

"बसा," सुंदरम्मा म्हणाली.

"मालगाडी हाय."

"असू दे. पानं निसटत्यात." तो हलायचा थांबेना तेव्हा ती कानडीत खेकसली, "साकु!" पुरे झालं! आणि दोन्ही हातांनी तिने त्याचा पाय दाबून धरला. फळीवरचे डबे वाजू लागले, पण तिला आज ते सोडून द्यावे लागले.

घर थरथरत होतं. निंगप्पाची पाठ दाराकडे होती आणि तोंड चाकाकडे. दीड वर्षात गाडी जात असताना त्याने त्या चाकाकडे पाहिलं नव्हतं. आज त्याला दुसरीकडे कुठे बघायला जागाच नव्हती.

पट्ट्यांच्या टोकाचे नट थरथरत होते. एक नट उचलला गेला, पडला, आणि फ्रीव्हील वाजलं. टिक. मग पुन्हा. टिक. डब्यामागून डबे जात होते आणि चाक एकेक दात पुढे सरकत होतं, मागे येऊ शकत नव्हतं, कारण मागे न येण्याची सोय निंगप्पाने स्वतःच केली होती. शेवटचा डबा गेला. घर थांबलं. चाक थांबलं.

"काय झालं?" सुंदरम्माने विचारलं. "दुकतंय का?"

"काय न्हाय," तो म्हणाला.

पुढच्या गाडीला तो उठला नाही. हात स्लीपरवर ठेवून बसून राहिला. तळव्याला हादरा लागला आणि सात टिक ऐकू आले. त्याच्या पुढच्या गाडीला नऊ. मग त्याने हात काढून घेतला. त्याला पुढच्या गाड्या मोजायची गरज नव्हती. रोज किती गाड्या जातात हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

तो मला नंतर म्हणाला, "लई वंगाळ वाटलं. पन त्यापेक्षा बी एक गोष्ट डोक्यात आली आनि मग बसवेना."

ती गोष्ट अशी. हादऱ्यावर चाक चालतं, तर पावसाळ्यानंतर ते तिप्पट वेगाने का चालतंय? गाड्या तेवढ्याच आहेत. मग हादरा वाढलाय. आणि हादरा उगाच वाढत नाही.

सुंदरम्मा ओरडत असताना तो बांधल्या गुडघ्याने, काठी टेकत, पंचवीस पावलं चालून रुळाकडे गेला. चार वर्षांत तो गाड्यांची चाकं बघत आला होता, रुळाखाली त्याने पाहिलं नव्हतं. आमची काळी माती पाणी पिते, फुगते, आणि खडी गिळते. त्यात कुणाचा दोष नाही. ती दरवर्षी गिळते, म्हणून तर रेल्वेच्या मजुरांची गँग असते, बीटर नावाच्या बोथट टिकावाने स्लीपरखाली पुन्हा खडी ठासून भरते, त्यालाच पॅकिंग म्हणतात. घरासमोरच्या पाच-सहा स्लीपरभोवतीची खडी चिखलाने माखली होती. म्हणजे गाडीच्या भाराने स्लीपर खाली दबत होते आणि तळातला चिखल वर उडत होता. निंगप्पा लांब उभा राहिला. पॅसेंजर आली. त्या जागी रूळ खाली जाताना आणि वर येताना त्याला डोळ्यांनी दिसला. काठीने ठोकल्यावरच्या पोकळ आवाजावरूनही कळलं असतं, पण आता गरज नव्हती.

ही जागा त्याच्याच वाटेतली होती. चौतीस वर्षं तो हिच्यावरून गेला होता.

घरी येऊन त्याने फोन हातात घेतला. सुंदरम्माने काय झालं ते विचारून घेतलं, आणि ती रेल्वेच्या माणसाची बायको, तिला समजायला वेळ लागला नाही.

"पॅकिंग केलं म्हंजे हादरा जानार?" ती म्हणाली.

"व्हय."

"मग ह्ये?" तिने चाकाकडे पाहिलं.

त्याने काठी भिंतीला टेकवून ठेवली.

"कदीपासनं पोकळ हाय?"

"जरा ढिलं आदीपासनंच असंल. पोकळ दोन म्हैनं तर असंल."

"मग तीन दिवसांनी काय व्हतंय? सोमवारी सांगा की. कुनाला कळतंय तुमी कदी बगितलं ते." ती हे भांडून म्हणाली नाही. भाकऱ्यांचा ढीग तिच्यामागे रचलेला होता. "येकदा नाव व्हऊ द्या. मग ठोकू द्या त्यांना काय ठोकायचं ते."

निंगप्पा बराच वेळ फोन हातात धरून बसला. तीन दिवसांत काही झालं नसतं, असं तो आजही म्हणतो. गाड्या दोन महिने गेल्या होत्या, अजून तीन दिवस गेल्या असत्या. पण तेवढ्यात लांबून घरघर आली. तो उठला, बांधल्या गुडघ्याने दारात गेला, शेवग्याला धरून उभा राहिला. प्रवासी गाडी होती. खिडक्यांतून माणसं बाहेर बघत होती आणि त्यांना हे घर दिसत न दिसत होतं. मागे सोप्यात टिक टिक चाललं होतं, आणि आता त्याला ते ऐकू येत होतं.

गाडी गेल्यावर त्याने गँगच्या मुकादमाला, बिरदेवला, फोन लावला. बिरदेव त्याच्या हाताखाली शिकलेला.

"आण्णा, या तुकड्याचा नंबर पुडल्या पंदरवड्यात हाय," बिरदेव म्हणाला. "पुलापलीकडं काम चालू हाय आमचं."

"पाच स्लीपर पोकळ हायत. चिखल वर आलाय."

"तुमी रुळावर गेलता? त्या गुडघ्यानं?"

"येतो का मी येऊ बीटर घिऊन?"

"येतो, येतो! सकाळी येतो. तुमी बसा घरी देवासारकं."

शुक्रवारी सकाळी गँग आली. आठ माणसांनी चिखलाची खडी ओढून काढली, नवी टाकली, आणि स्लीपरखाली बीटर मारून मारून ती ठासली. निंगप्पा खुर्ची टाकून दारात बसून सूचना देत होता आणि बिरदेव हसत होता. "आण्णा, निवृत्त झालाय का न्हाय तुमी? रेल्वेला कळवू का?" दुपारी सुंदरम्माने रविवारच्या भाकऱ्या आणि शेंगाचटणी गँगला वाढली. एवढ्या भाकऱ्या कशासाठी केल्या होत्या, हे कुणी विचारलं नाही.

रविवारी शहाजी गुरुजी उजाडताना आले. मी आदल्या दिवशीच गेलो होतो. मंद्रूपहून आप्पा आला नाही, त्याला निंगप्पाने नको म्हणून कळवलं होतं.

"गुरुजी, बसू नका," निंगप्पा म्हणाला. "त्ये थांबलंय." आणि त्याने सगळं सांगितलं. हळूहळू, मधे थांबत, जसा तो रुळावरून चालत असे तसा. "मी म्हनत हुतो, ह्ये काय खात न्हाय. खात हुतं. गाडीचा धक्का खात हुतं. तुमचं खरं हाय."

गुरुजी जिंकले होते, पण जिंकलेल्या माणसासारखे दिसत नव्हते. त्यांनी चाकाजवळ जाऊन एक नट बोटाने उचलला आणि सोडला. टिक. "काका," ते म्हणाले, "गुरुवारी तुम्ही गप्प बसला असता, तर ठरल्याप्रमाणे आज मी हरलो असतो."

"व्हय. ही बी तेच म्हनत हुती."

"खरंच तर म्हनत हुते," सुंदरम्मा आतून म्हणाली. "च्या घ्या."

चहा आला. पाण्याचा तांब्या निंगप्पाने आपल्याजवळ जमिनीवर ठेवून घेतला, काठोकाठ भरलेला. मालगाडी आली. आम्ही सवयीने उठायला लागलो, पण तो आज बसून राहिला, आणि त्याने चाकाकडेही पाहिलं नाही. तो तांब्यातलं पाणी बघत होता. डबे जात राहिले. पाण्यावर बारीक शहारा आला, पण थेंबही सांडला नाही. कोपऱ्यातून आवाज आला नाही.

"बसलंय," निंगप्पा म्हणाला. "बिरदेवनं चांगलं बसवलंय."

गुरुजी गेल्यावर सुंदरम्मा कोपऱ्यापाशी येऊन उभी राहिली. "आता ह्ये काडू या का? ज्वारीचं पोतं बसंल हितं."

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. त्याने माझ्याकडे खडू मागितला, काठी टेकून उठला आणि चाकाच्या कडेला नवी खूण केली. मी विचारलं, आता कशाला?

"रोज बगायचं. हलली न्हाय तर बरं."

"आणि पुढच्या पावसाळ्यात?"

"हलंल की," निंगप्पा खाली बसत म्हणाला. बसायला त्याला बराच वेळ लागला. "माती हाय ती. बिरदेवला सांगायचं पुन्यांदा."